बिल्किस आपा आणि खारातली गाठ

आमच्या लॅबमध्ये सगळे जिला घाबरतात ती बाई डॉक्टर नाही. डॉक्टर म्हणजे मंजुषा मॅडम, आणि त्याही तिला जरा जपूनच असतात. तिचं नाव बिल्किस. आम्ही आपा म्हणतो. वय अठ्ठेचाळीस, उंची पाच फुटाला दोन बोटं कमी, आवाज मात्र असा की दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून हाक मारली तर क्रांती चौकाकडं निघालेला रिक्षावाला ब्रेक दाबतो आणि मग आठवत बसतो की आपलं काय चुकलं.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी, गोळे, तुकडे तपासणीला आमच्याकडं येतात. ते मेणात बसवायचे, त्या मेणाच्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्यालाही लाज वाटेल असे पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. एवढं आपांचं काम. मग मॅडम सूक्ष्मदर्शकातून बघून निदान सांगतात आणि मी ते टाईप करतो. निदानात माझा वाटा स्पेलिंगपुरता, आणि तोही दर वेळी बरोबर असतो असं नाही.

आपा इथं आल्या त्या काउंटरवरच्या नोकरीसाठी. तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "शिवण येतं का?"

"बुरख्यापासून ब्लाउजपर्यंत सगळं येतं."

"मग या, मशीन दाखवतो."

आपांना वाटलं शिवणयंत्र असेल. निघालं मेणाचे काप काढायचं यंत्र, वस्तऱ्यासारख्या पात्याचं. पहिल्या आठवड्यात दोन बोटं कापली. तिसऱ्या महिन्यात जुना तंत्रज्ञ पुण्याला निघून गेला आणि मशीन आपांकडं आलं, ते आजतागायत. एकतिसाव्या वर्षी, दोन लेकरं झाल्यावर, त्यांनी या कामाचा डिप्लोमा केला. बारावी उर्दू माध्यमातली, पुस्तकं इंग्रजी, वर्गातल्या मुली भाचीच्या वयाच्या. समासात उर्दूत अर्थ लिहून लिहून पुस्तक दोन्ही बाजूंनी वाचायची सोय केली. नवरा जावेदभाई शाळेची व्हॅन चालवतात. ते आजही सांगतात की त्या दोन वर्षांत त्यांनी इतकी भांडी घासली की गाडीचं स्टेअरिंगही गोल गोल घासायची सवय लागली. आपा फर्स्ट क्लासमध्ये पास झाल्या.

मी नवा होतो तेव्हा एकच गोष्ट कळत नव्हती. स्तनाच्या कॅन्सरचा नमुना आला की तीन जादा चाचण्या होतात. दोन हार्मोनच्या, तिसरी 'हर-टू' नावाच्या प्रथिनाची. हे हर-टू काय, असं मी मॅडमना विचारलं तर त्यांनी मला एक शोधनिबंध दिला. आपांना विचारलं तर त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

"हे बघ सत्यम, पेशी म्हणजे खोली. दाराला बाहेरून कडी. बाहेरनं कोणी कडी वाजवली की आतल्या पेशीला कळतं, आता वाढायचं, एकीच्या दोन व्हायचं. नेक पेशीला अशा कड्या मोजक्या. पण काही काही कॅन्सरात पेशी येडी होती. दारभर कड्याच कड्या लावून घेती. मग वाजवायला कोणी नसलं तरी त्या एकमेकींवर आपटत राहत्यात. आत सारखं ऐकू येतं, वाढ, वाढ, वाढ."

"मग हे हर-टू लई वाईट की आपा."

"वाईट तर हायच. पण दीवाने, कडी हाय म्हणून तर कुलूप बसतं! त्या कडीवरच जाऊन बसणारं इंजेक्शन निघालंय. ज्या गाठीला कड्याच नाहीत तिला ते कुलूप लावणार कुठं?"

पाचातल्या एखाद्या बाईच्या गाठीवर अशा कड्यांची गर्दी असते. आपांच्या रंगात ती पकडली जाते. कड्या असतील तर प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कडं उमटतं, ठसठशीत. त्याला शून्य ते तीन असे गुण. तीन म्हणजे कुलूप बसणार. शून्य म्हणजे दुसरी औषधं बघा. त्या एका आकड्यावर बाईचं पुढचं सगळं ठरतं, आणि तो आकडा मी टाईप करतो. तेव्हापासून मी तो टाईप करताना चहा बाजूला ठेवतो.

मागच्या मार्चमध्ये एका शुक्रवारी मी असा एक रिपोर्ट टाईप केला. केसरबाई, वय सत्तावन्न, लासूर स्टेशन. हार्मोन एक, निगेटिव्ह. हार्मोन दोन, निगेटिव्ह. हर-टू, शून्य.

नाव वाचून बोटं थांबली. मी लासूर स्टेशनचा. केसरआत्या आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. त्यांची पळी पातेल्यात कमी आणि पोरांच्या पाठीवर जास्त चालायची. त्यांचा भाऊ बन्सीकाका, लोणच्याचं दुकान. खारातल्या मिरच्या आणि लिंबं आख्ख्या तालुक्यात त्यांचीच. आत्यांचं ऑपरेशन गावाकडच्या एका छोट्या दवाखान्यात झालं होतं, तेही नुसत्या सुईच्या तपासणीवर, म्हणजे आधी काढलेला तुकडा कुठंच ठेवलेला नव्हता. आणि आमच्याकडं रीत अशी की डॉक्टर गाठ काढतो आणि बाहेर येऊन नातेवाइकाच्या हातात पिशवी देतो: हे शहरातल्या लॅबला पोचवा. ती पिशवी बन्सीकाकांनी आणली होती. आत दोन डबे. मोठ्या बरणीत स्तनाची गाठ, छोट्या बाटलीत काखेतल्या गाठी.

मी ओळखीनं काकांना फोन केला, रिपोर्ट तयार होतोय म्हणून.

"काय आलं रे?"

"तिन्ही निगेटिव्ह, काका."

"आरं वा! कोरोनात निगेटिव्ह आलो तवा आम्ही शिरा केलता. आजबी करतो."

आता त्यांना कसं सांगायचं की हे निगेटिव्ह शिऱ्याचं नाही. मंगळवारी अकरा वाजता शहरातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडं आत्यांची पहिली किमो ठरली होती. तिन्ही निगेटिव्ह म्हणजे नुसती किमो, कुलूप नाही. मी फोन ठेवला आणि छपाईचं बटण दाबलं.

कागद निम्मा बाहेर आला आणि आपांनी तो प्रिंटरच्या तोंडातून ओढून घेतला.

"ठैर. ही स्लाइड मला पटत नाही."

"आपा, मॅडमनी बघितलीय."

"मॅडमला पण पटत नाही, विचार त्यांना."

मॅडमना खरंच पटलेलं नव्हतं. कॅन्सरच्या गाठीशेजारी थोडं चांगलं मांसही कापात येतं. त्यातल्या साध्या दूधग्रंथींनी हार्मोनचा रंग थोडा तरी घ्यायलाच हवा. निरोगी बाईच्याही घेतात. या नमुन्यात त्यांनीही घेतला नव्हता. सोबत चालवलेली ओळखीची स्लाइड, जिचा निकाल आधीच माहीत असतो, ती मात्र झकास रंगली होती. म्हणजे रंग चांगला, हात चांगला, नमुना मेलेला. नीट जतनच झालेला नव्हता. तिथं शून्य म्हणजे कड्या नाहीत असं नव्हे. कड्या होत्या की नव्हत्या हे आता कळणार नाही, असा त्याचा अर्थ.

"आणि हे बघा," आपा म्हणाल्या. कापाच्या कडेला एक कोपरा होता, जाळीदार, जाड भिंतींचा. "हे माणसाचं नाही मॅडम. ही वनस्पती हाय. भाजीपाला कुठून आला गाठीत?"

मी डोकावून बघितलं. मला काही कळलं नाही, पण मी मान हलवली.

"टेबलावरचा कचरा असेल," मॅडम म्हणाल्या. "मी रिपोर्टखाली तळटीप टाकते, नमुन्याचं जतन समाधानकारक नाही म्हणून."

"तळटीप कोण वाचतं मॅडम? मंगळवारी ते निगेटिव्ह वाचतील आणि सलाईन लावतील. काखेतल्या गाठीत पण कॅन्सर हाय ना? तिच्यावर चाचणी लावू."

मॅडमनी सहीचं पेन खाली ठेवलं. "लावू. पण ती बाटलीसुद्धा तशीच खराब झालेली असेल तर? गाठी दोन्ही काढल्यात, तिसरा नमुना घ्यायला जागा नाही. काखेतल्या गाठीत शेजारी दूधग्रंथी नसतात, म्हणजे नमुना मेलाय की जिवंत हे सांगणारा साक्षीदारच नाही. तिथं परत शून्य आलं तर पहिल्या शून्यावर शिक्का बसेल. ते डबे वाटेत कसे आले हे कळल्याशिवाय मी सही करणार नाही. आणि मला ते लेखी हवं."

आता नुसते डबे बघून हे सांगता येण्यासारखं नव्हतं. आमच्याकडं नियम आहे: आलेल्या प्रत्येक डब्यातलं जुनं ओतून काउंटरवरच ताजं फॉर्मलिन भरायचं. मांस टिकवणारं, डोळ्याला झोंबणारं औषध. नियम चांगला, पण डबा आला तेव्हा आत काय होतं हे त्यानं पुसून टाकलं होतं.

मी परत फोन लावला. "काका, बरणीत काही गडबड झाली होती का वाटेत?"

"नाय."

"सांडलं वगैरे?"

"आरं नाय म्हणलं ना. डॉक्टरनं दिली तशी दिली." आणि फोन ठेवला. परत लावला तर काकूंनी उचलला आणि काका शेतात गेल्याचं सांगितलं. बन्सीकाकांना शेत नाही.

आपांनी सगळं ऐकलं. "रविवारी गाडी किती वाजता हाय लासूरला?"

रविवारी सकाळी आम्ही निघालो. आपा खिडकीला बसल्या आणि वाटभर माझी उलटतपासणी केली. काका कसे, रागीट का, देवभोळे का, खोटं बोलताना कुठं बघतात. मी म्हणालो, "काका माणूस लई चांगला आहे, पण चूक कबूल करायची म्हणजे त्यांना दात काढल्यासारखं होतं. आणि एकच विषय असा, की त्यावर बोलायला लागले की थांबत नाहीत."

"कुठला?"

"लोणचं."

आपा एकदम माझ्याकडं वळल्या. "लोणच्यात मोहरी?"

"डाळ असते मोहरीची. कधी साली राहतात..." एवढं बोललो आणि तो जाळीदार कोपरा माझ्याही डोक्यात पोचला. उशिरा पोचला, पण पोचला.

दुकानात काका बरण्या पुसत होते. मागच्या खोलीचा दरवाजा उघडा, आत खाटेवर केसरआत्या उशीला टेकून बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "सत्या, वाळलास रं. शहरात खिचडी नाय मिळत व्हय?"

काकांनी आपांकडं बघितलं आणि आम्ही कशाला आलोय ते ओळखलं. चेहरा लगेच कुलूपबंद. "मी सांगितलंय फोनवर. काय नाय झालं."

मला वाटलं आता आपांचा तो आवाज निघणार. निघाला नाही. त्या स्टुलावर बसल्या आणि एका बरणीकडं बोट दाखवलं.

"भाईजान, ही लिंबं किती दिवसांची?"

"तीन महिन्यांची."

"खोटं. इतकी हिरवी?"

"खोटं कशाला बोलू?" काका पेटले. "खाराचा हिशेब पाहिजे. मीठ कमी पडलं की बुरा येतो. माझा खार बघा, लिंबू काय, मिरची काय, वर्ष काढतंय."

"आम्ही सिरका घालतो. मिठावर आमचा भरवसा नाही."

"सिरका?" काकांना ती शिवीच वाटली. "सिरक्यानं चव मरती. मीठ म्हंजी मीठ. मिठात घातलं की कायबी सडत नाय. कायबी!"

"कायबी?" आपा हळूच म्हणाल्या. "मांस पण?"

काकांच्या हातातला फडका थांबला. 

"भाईजान, तुम्ही वाचवायलाच गेलता, मला माहीत हाय," आपा म्हणाल्या. "मी बावीस वर्षं तेच करते, तुकडे टिकवायचे. माझा पण पहिल्या वर्षी एक नमुना वाया गेला. उन्हाळ्यात मेणाची भट्टी जास्त तापली. तेव्हा मी पण म्हणले, काय नाही झालं. सांगा, काय झालं गाडीत?"

काका खाली बसले. मग थांबत थांबत सगळं आलं. शनिवारी दुपारची गाडी. बरणीचं झाकण सैल, औषध सांडलं, गाडीच्या डब्यातल्या सगळ्यांचे डोळे चुरचुरले. एका बाईनं शिव्या घातल्या, पोरं खोकायला लागली. काकांनी दारातून उरलेलं औषध ओतून दिलं. पण गाठ कोरडी पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सोबत शहरातल्या मुकुंदवाडीच्या दुकानदारासाठी खाराचा कॅन होता. काकांनी तोच खार बरणीत भरला, काठोकाठ. मग आधी मुकुंदवाडीला माल पोचवला. लॅबला आले तर शनिवार संध्याकाळ, बंद. रविवारी मेहुण्याकडं मुक्काम. सोमवारी बरणी आमच्या काउंटरवर.

"दोन दिस मिठात होती," काका म्हणाले. "मला वाटलं, औषधापरीस आपला खार बरा. नंतर ह्या पोराचा फोन आला, तवा भ्यालो. माझ्या बहिणीचं माझ्याच हातानं वाटोळं झालं म्हणून."

खाटेवरून आवाज आला. "बन्सी, मला लोणच्यात घातलंस व्हय रं?"

कोणाला हसायचं की नाही कळेना. केसरआत्या उठून दारात आल्या होत्या, डावा हात छातीशी धरून. "आणि दोन दिस माझ्याम्होरं शिरा खात बसलास."

"अक्का..."

"रडू नको. रडून काय व्हतंय." त्या आपांकडं वळल्या. "बाई, तुम्ही सुट्टीच्या दिवशी इथवर आलात म्हंजी अजून काय तरी शिल्लक हाय. काय हाय?"

आपांनी त्यांना खोली सांगितली, दार सांगितलं, कड्या सांगितल्या, कुलूप सांगितलं. मला लागला त्याच्या निम्म्या वेळात आत्यांना कळलं. आणि त्यांनी पुढचा प्रश्न स्वतःच काढला. "बन्सी, दोन डबे होते ना? बारक्या बाटलीत काय ओतलंस?"

"ती? ती माझ्या खिशात होती की. आतल्या."

"उघडली?"

"कशाला उघडू? ती कुठं सांडली? डॉक्टरनं चिकटपट्टी मारलेली, तशीच दिली काउंटरवर."

"शपथ घे."

"तुझी शपथ."

"माझी नको, माझं आधीच लई झालंय. दुकानाची घे."

काकांनी गल्ल्यावर हात ठेवला. "दुकानाची शपथ. बारकीला हात लावला नाय."

आता लिहून द्यायचं होतं. इथं काका परत अडले. "कागदावर कशाला? गावात कळलं तर लोक म्हणतील, बन्सीनं बहिणीची गाठ खारात घातली. माझं लोणचं कोण खाईल?"

"सत्या, लिही," आत्या म्हणाल्या. "मी सांगते, त्यो सही करील. गाव काय म्हणतंय ते मी बघते. निम्मं गाव माझ्या पळीखालनं गेलंय." मी लिहिलं. 'खार' या शब्दावर काकांनी डोळे मिटले, पण सही केली, पूर्ण नावाची.

सोमवारी आपा सातलाच लॅबमध्ये होत्या. मॅडमनी कागद वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाल्या, "लावा." आपांनी काखेतल्या गाठीची वडी बर्फावर ठेवली, नवं पातं बसवलं. पहिले चार काप फेकले. पाचवा पाण्यावर सोडला, सुरकुती गेली तशी काचेवर घेतला. बाजूला ओळखीची स्लाइड, तिच्याबरोबर ही. मग दिवसभर तासातासाला थेंब, धुणं, थेंब. त्या दिवशी त्यांनी कोणालाही हाक मारली नाही, त्यामुळं सगळी लॅब घाबरून होती. मी एकदा विचारलं, "आपा, परत शून्य आलं तर?"

"तर खरं शून्य येईल. ते पण तिला कळायला पाहिजे. मला कड्या नको, मला खरं पाहिजे." मग म्हणाल्या, "झूट कशाला बोलू, कड्या पण पाहिजे."

मंगळवारी साडेनऊला मॅडम सूक्ष्मदर्शकाला बसल्या. आत्या आणि काका बाहेरच्या बाकावर. अकराला किमोची वेळ. मॅडम स्लाइड इकडून तिकडं सरकवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सत्यम, घ्या. दोन्ही हार्मोन निगेटिव्ह. हर-टू, तीन."

आपा भिंतीला टेकल्या. मी टाईप केलं, तीनदा वाचलं, स्पेलिंगसकट. मॅडमनी कॅन्सरच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, खाराचंही सांगितलं.  मग ठरलं: किमो दोन दिवस पुढं, आज आधी हृदयाची तपासणी, कारण हे इंजेक्शन हृदयाला जड जाऊ शकतं, ते ठीक निघालं तर गुरुवारपासून किमोबरोबर कुलूपही सुरू.

आत्यांनी हट्टच धरला की मला माझ्या कड्या बघायच्यात. मॅडमनी नाही म्हणून बघितलं, पण आपांनी स्टूल आधीच सरकवलं होतं. आत्या वाकल्या. पेशीपेशीभोवती तपकिरी कडी, एकाला एक लागून, सगळी नजरेत मावेनात इतकी.

"एवढ्या?"

"एवढ्या."

"आणि ह्या सगळ्यांना कुलूप बसंल?"

"बसायला पाहिजे," आपा म्हणाल्या. "पण वचन देत नाही मी. कुणाकुणाची कुलपं नंतर निसटत्यात. मग परत बघू. दर एकवीस दिवसांनी एक, वर्षभर. मधे चुकवायचं नाही."

"चुकवीन कशी? तुम्ही ह्याच्यापायी सुट्टीच्या दिवशी गाडीनं लासूरला आलात." आत्या उठल्या, पदर खोचला. बाहेर काका पिशवी धरून उभे होते, काय झालं विचारायचं धाडस होईना. त्यांच्याकडं न बघता आत्या जिना उतरायला लागल्या आणि वळणावरून ओरडल्या, "बन्सी, तिथं काय बघतोस? हृदयाचा डॉक्टर बारापर्यंतच असतो म्हणं. चल की लवकर."